गिरधर पाटील विमानाने इंदूरला जातात

शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९३७. संध्याकाळ.

मुक्काम एरोड्रोम हॉटेल, नंदुरबारच्या बाहेर. पोचलो. उद्या सकाळी विमान.

धानोऱ्यातून निरोप थाटात झाला. शेजारच्या कौसाबाईंनी ओवाळलं, चुलतभाऊ दोधूने हार घातला, बैलगाडीपर्यंत अर्धं गाव आलं. सगळ्यांना विमान बघायला यायचं होतं. मी नको म्हटलं. विमानाला गर्दी चालत नाही असं सांगितलं. चालत असेलही. पण कोणी बघत असलं की माझी कामं बिघडतात.

प्रमिलेला पत्र टाकलं आहे. शनिवारी दुपारी इंदूरच्या विमानाच्या मैदानावर उभी राहा, मी वरून उतरतो, तुला घेऊन येतो. ती दसऱ्याला माहेरी भावाकडे गेली ती आलीच नाही. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, की तुम्ही बोलता ते होत नाही. आता बर्फाचा कारखाना बोललो होतो, तो राहिला हे खरं. तंबूतला बायस्कोप बोललो होतो, त्यातला तंबू झाला. घरावर माडी बोललो होतो, जिना झाला. जिना चढून गेलं की वर आभाळ लागतं. ती चुलीशी बसून त्या जिन्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्यापेक्षा बोललेली परवडली असती.

आगगाडीने इंदूरला कोणीही जातं. त्यात माझा शब्द खरा झाला असं काय दिसणार? विमान म्हटलं, तर विमानच.

हॉटेल छान आहे. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, इंग्रजीत पाटी. मालक चुनीलाल गुजर. तेच मॅनेजर, तेच विमान कंपनीचे एजंट. सध्या गिऱ्हाईक मी एकटा, त्यामुळे सर्व्हिस उत्तम राहील. खोलीत छापील मेनूकार्ड: ऑम्लेट, कटलेट, टोस्ट, कॉफी. ऑम्लेट सांगितलं. चुनीलाल म्हणाले, आमच्यात अंडं चालत नाही. मग कटलेट? ते म्हणे छापणाऱ्याने त्याच्या मनाने घातलं. खिचडी खाल्ली. उडताना पोट हलकं असावं असं मी वाचलेलं आहे, तेव्हा ठीकच झालं.

संकल्प: भ्यायचं नाही. खिडकीतून जे जे दिसेल ते लिहून काढायचं. प्रमिलेला वाचून दाखवायचं.

शनिवार, ६ फेब्रुवारी. सकाळ.

तयार. कोट, नवे बूट, फेटा. वाऱ्याने फेटा उडू नये म्हणून वरून मफलर बांधला आहे. हनुवटीखाली गाठ.

दुपार. अजून नाही. चुनीलालांचं म्हणणं, वारा उलटा असेल. इथे पानही हलत नाही. पण वरचं वेगळं असतं.

संध्याकाळ. आलं नाही. चुनीलाल म्हणतात, बुधवारी नक्की. मफलर सोडला.

प्रमिला आज मैदानावर उभी राहिली असेल. तिला तार करायला पाहिजे होती. पण पोस्ट नंदुरबारला, म्हणजे दोन-अडीच कोस. हॉटेलच्या जाहिरातीत 'शहरात जाण्यायेण्यासाठी मोटारची सोय' असं छापलं आहे. सोय विचारली. विमानं सुरू झाली की मोटार घेणार आहेत. तोवर टांगा. टांगा कधी येतो? जव्हय भिला येई तव्हय. भिला म्हणजे टांगेवाला.

खिचडी.

रविवार, ७ फेब्रुवारी.

सकाळी चहा. चहात दूध नाही, कारण म्हैस गावात आणि गाव दूर. दुपारी खिचडी. चुनीलालांची बायको सोबत राहायला येणार होती, ती इथलं मोकळं माळरान बघून माघारी गेली. आचारी ठेवला होता, तो संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेला तो तिकडेच. चुनीलालांना स्वतःला एकच पदार्थ येतो.

शांतता फार आहे. तब्येतीला चांगली. मैदान इकडून तिकडे दिसतं, पलीकडे रेल्वेचे रूळ. गाडी जाते तेव्हा चुनीलाल आणि मी दोघे उठून उभे राहतो. दुसरं बघायला काही नाही.

बुधवार, १० फेब्रुवारी.

विमान नाही. चुनीलालांनी आज दिवसभर आभाळाकडे मान वर करून पाहिलं, संध्याकाळी मान खाली येईना. तेल लावून दिलं.

भिला टांगेवाला डाळ-तांदूळ टाकायला आला. त्याची सासुरवाडी धानोऱ्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. उद्या तिकडेच निघाला आहे. मला बघून तो टांग्यातच थबकला. म्हणाला, "भाऊ, तुम्हीन आठेच? गावमा समदा ईचारी ऱ्हायनात, गिरधर आप्पा उडना का नही. मी काय सांगू?"

विचार केला. दोधू हसणार. चावडीवर आठवडाभर तोच विषय. आणि मी जाणार तर आहेच. आज नाही तर शनिवारी. म्हणून म्हटलं, सांग, गेले.

"सुखरूप गयात, असं सांगू?"

सांग.

हे खोटं नव्हे. जाणार आहे आणि गेलो, यात क्रियापदाच्या काळाचा फरक. शनिवारी तोही मिटेल. मन एकदम हलकं झालं. प्रमिलेला तार करण्याचंही आता कारण उरलं नाही. शनिवारी मी स्वतःच समोर उभा राहीन.

गुरुवार, ११ फेब्रुवारी.

संकल्प: आज नंदुरबारात जाऊन ताट वाढून जेवायचं. भाकर, वांग्याचं भरीत, वर तेल. काल स्वप्नात भरीत होतं.

भिला धानोऱ्याला. दुसरा टांगा नाही. चुनीलाल म्हणाले, सगळे टांगे आणि मोटारी इलेक्शनवाल्यांनी धरल्यात, मतदारांची नेआण चालू आहे. म्हणून चालत निघालो. बूट विमानासाठी घेतलेले, जमिनीसाठी नव्हेत, हे वाटेत लक्षात आलं. टाचा सोलल्या.

खानावळ बंद. मालक मत द्यायला गेला होता. शेव-मुरमुरे घेतले आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसलो, तोच समोरून धानोऱ्याचे दोघे आले. मी इंदूरला असल्यामुळे मिरचीच्या पोत्यांमागे बसावं लागलं. त्यांनी त्याच ओट्यावर बसून निवांत विड्या ओढल्या. शिंक दाबून दाबून कान दुखले. एकजण माझ्याबद्दलच बोलत होता. म्हणाला, गिरधरने शेवटी करून दाखवलं.

पोत्यांमागे असूनही फार बरं वाटलं.

परत चालत. अनवाणी. खिचडी.

शनिवार, १३ फेब्रुवारी.

विमान आलं.

म्हणजे वरून गेलं. आधी आवाज आला. मी टॉवेल घेऊन मैदानात पळालो. चुनीलालांना काही सापडेना, त्यांनी दारावरची हॉटेलची पाटीच काढली आणि डोक्यावर धरून ते माझ्यामागे धावले. दोघेही ओरडत होतो. विमान फार उंच होतं, चकाकत होतं. सरळ उत्तरेकडे सातपुड्यावरून निघून गेलं. कोणाचं होतं, कोण जाणे.

चुनीलाल मैदानाच्या पार शेवटापर्यंत धावले. परत आले तेव्हा धापा टाकत म्हणाले, पायलटने वाचलं असेल का? पाटी उलटी धरली होती हे मी त्यांना सांगितलं नाही.

तरी एक गोष्ट सिद्ध झाली. विमानं असतात, आणि या भागावरून जातात. बुधवारी नक्की.

माझ्या खोलीत परत आलो तर मफलर बांधलेलाच होता. तो मी सकाळपासून सोडलेला नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी.

सकाळी उठलो तर मैदान लाल.

चुनीलालांच्या मावसभावाचा मिरचीचा व्यापार आहे. त्याला मिरची वाळत घालायच्या पथारीला जागा कमी पडत होती. एवढं सपाट मैदान रिकामं पडलं आहे म्हणून त्याने मिरची आणून पसरली. इकडून तिकडे, रुळांपर्यंत. बायका टोपल्या घेऊन मिरची उलटीपालटी करतात. मी पॅसेंजर या नात्याने हरकत घेतली. चुनीलाल दुसरीकडे बघत म्हणाले, विमान दिसलं की घडीभरात गोळा करू.

शांतपणे विचार केला. एका अर्थी सोयच झाली. इतकं लाल मैदान वरून कोणालाही दिसेल. पिवळ्या माळरानात चुकणार नाही. कंपनीला ही सूचना केली पाहिजे.

शिंका मोजणं सोडून दिलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी.

वारा सुटला. मिरचीची धूळ खोलीत, अंथरुणात, चहात. खिचडी लाल दिसते. डोळ्यांतून सारखं पाणी. मिरचीमुळेच.

प्रमिलेचा चेहरा नीट आठवत नाही, फक्त जिन्याकडे बघताना दिसायचा तेवढा आठवतो.

बुधवार, १७ फेब्रुवारी. सकाळ.

निर्णय. आगगाडीने जायचं. ही माघार नव्हे. कंपनीची चूक मी कोठवर पोसायची? इंदूरला गेलो की विमानाच्या मैदानावरून टांगा करून मेव्हण्यांच्या दारात उतरायचं. कोणाला काय कळणार? शिवाय कोणी स्पष्ट विचारलंच तर बघू.

भिला आला आहे. बॅग टांग्यात.

संध्याकाळ. परत हॉटेलात.

स्टेशनवर वेळेत पोचलो. तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक पाठ. पाठ ओळखीची वाटली. दोधूची. माझा सख्खा चुलतभाऊ, धोतर-कोट, हातात वळकटी, कुठेतरी लांब निघालेला. त्याने मागे वळून पाहिलं असतं तर? आठ दिवसांपूर्वी विमानाने इंदूरला सुखरूप पोचलेला माणूस नंदुरबारच्या स्टेशनवर थर्ड क्लासच्या रांगेत. मी मफलर नाकापर्यंत ओढला आणि पाणपोईच्या रांजणामागे जाऊन उभा राहिलो. दोधू एरवी बडबड्या, आज गप्प होता. तोंड उतरलेलं. गाडी आली, तो चढला, गाडी गेली.

भिलाने मला परत आणलं. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "मंग आते कसं करशात?" मी म्हटलं, उद्याच्या गाडीने. पण उद्याही स्टेशनवर धानोऱ्याचं कोणी ना कोणी असणारच. परवाही. मी इंदूरला पोचलेलो असल्यामुळे मला इंदूरला जाता येत नाही. घरीही जाता येत नाही.

तेव्हा विमानच. दुसरा मार्ग आहेच कुठे?

शुक्रवार, १९ फेब्रुवारी.

चुनीलाल भाचीच्या लग्नाला विसरवाडीला गेले. एका दिवसात येतो म्हणाले. उंदरांच्या भीतीने स्वयंपाकघराला कुलूप. किल्ली चुकून त्यांच्याबरोबर गेली. मागे डब्यात चुरमुरे आहेत. संपले.

शनिवार, २० फेब्रुवारी.

चुनीलाल आले नाहीत. विमानाचा वार आहे. आभाळ बघितलं. मग बघितलं नाही.

चहूकडे नजर जाईल तिथवर मिरची, आणि भाकर एक नाही. दुपारी मिरची पालटणाऱ्या बायका बाभळीखाली जेवायला बसल्या. मी सहज फिरत तिकडे गेलो. परत सहज फिरत आलो. पुन्हा गेलो. त्यांच्यात छबूबाई म्हणून वयाने मोठ्या बाई आहेत. त्यांनी फडकं सोडून विचारलं, "भाऊ, तुम्हीन रोज आठे काय करतस? माल तुमना शे का?"

मी म्हटलं, नाही, मी पॅसेंजर.

"कोन्ही गाडीना?"

विमानाचा.

त्यांनी मैदानाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग माझ्या पायांकडे. दादर ज्वारीची अर्धी भाकर आणि ठेचा हातावर ठेवला. म्हणाल्या, "बठा. आथा-तथा फिरू नका, मिरचीवर पाय पडस."

बसलो. खाल्लं. पाणीही त्यांनीच दिलं. पाठ त्यांच्याकडे करून बसलो होतो, कारण ठेचा तिखट होता.

रविवार, २१ फेब्रुवारी.

चुनीलाल दुपारी आले. स्वयंपाकघर उघडलं नाही. उंबऱ्यावर बसले. लग्नात मुंबईचे पाहुणे होते, त्यांच्याकडून कळलं. कंपनी बंद झाली. एकच विमान होतं, तेही विकलं. ते या मैदानाच्या बाजूला एकदाही आलं नव्हतं. येणारही नव्हतं.

चुनीलालांनी उभा ऊस मोडून हे मैदान केलं होतं. बायको नको म्हणत होती. हे ते आज प्रथमच बोलले. मी त्यांच्याशेजारी बसलो. धीर द्यायला म्हटलं, मोटारबोटीचं बघा. तापीला पाणी असतं. प्रकाशा गावाला जत्रा भरते. मोटारबोट, काठाला हॉटेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रमिला बघायची, अगदी तसं. मग म्हणाले, "गिरधरभाऊ, तुम्हीन घर जा."

संध्याकाळी माझ्या खोलीत मिरचीची पोती रचायला माणसं आली. जागा होती म्हणून माझी खाट तशीच राहू दिली.

सोमवार, २२ फेब्रुवारी.

उजाडताच पायी निघालो. बूट हातात. धानोरे इथून चार कोस. वाटभर एकच विचार, गावात काय सांगायचं. ठरवलं: इंदूरला जाऊन आलो. प्रमिला मागाहून येते. विमान छान. थोडं हलतं.

गावात शिरलो तर रस्त्यात कोणी नाही. कौसाबाई दारात तूर पाखडत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले. त्यांनी तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत याची खात्री झाल्यावर सूप खाली ठेवलं.

"तू जित्ता शे?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो, कारण मला माझ्या शब्दांत ते लिहिता येणार नाही.

मी ठरल्या शनिवारी उतरलो नाही म्हणून प्रमिला घाबरली. चार-पाच दिवस तिने वाट पाहिली आणि एकटी आगगाडीत बसून आली. बारा तारखेला, शुक्रवारी. आमच्या घराला कुलूप. कौसाबाईंच्या ओट्यावर बसली. त्याच्या आदल्याच दिवशी भिला सांगून गेला होता, गिरधर आप्पा सुखरूप उडाले.

"तिन्ही मन्हा हात धरा," कौसाबाई म्हणाल्या, "नी ईचारं, काकू, खरंच गेले का? मी सांगं, हाओ बेटा, खरंच गया. तव्हय ती हासनी. लगीन करीसन उनी तव्हयपासून माले ती तशी कधी हासतांना दखाईच नव्हती. म्हने, काकू, या वेळी बोलले ते केलं त्यांनी. मी चालले. ते तिथे पोचतील, आणि मीच घरी नसायची."

न जेवता संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

इंदूरला पोचली तर मी नाही. मेव्हण्यांनी धानोऱ्याला तार केली. गावाने अर्थ काढला, विमान पडलं. चौघेजण मोलगीच्या बाजूला डोंगरात विमान शोधायला गेलेत, ते अजून आलेले नाहीत. आणि दोधू गेल्या बुधवारी इंदूरला गेला. "तुले धुंडाले गया," कौसाबाई म्हणाल्या. "ती पोर तठे एकली शे म्हनीसन."

पाणपोईचा रांजण आठवला.

कौसाबाईंनी वरण-भाकर वाढली. सतरा दिवसांत समोर आलेलं पहिलं ताट. जेवता आलं नाही.

मंगळवार, २३ फेब्रुवारी. नंदुरबार स्टेशन.

या वेळी लपलो नाही. गावचे तिघे भेटले. एकाने मला हात लावून पाहिलं.

गाडीला अवकाश होता म्हणून तारघरात गेलो. कागद घेतला. 'सुखरूप आहे' लिहिलं. पुढे कारण लिहावं लागणार. 'विमान आलं नाही' असं लिहिलं तर ती विचारणार, मग होते कुठे? तारेत हे नीट समजावता येत नाही. कागद फाडला. मी स्वतःच परवा पोचतो आहे. तारेपेक्षा माणूस बरा.

बुधवार, २४ फेब्रुवारी. खांडव्याहून पुढे, लहान गाडीत.

गर्दी. उभ्याने आलो, आता जागा मिळाली. सोबतच्या कुटुंबाने पुरी दिली, ती खाल्ली.

खिडकीतून डोंगर दिसतात. एक मार्ग सुचला आहे. सगळे धरूनच चाललेत की विमान पडलं. मग पडलं असं धरायला काय हरकत आहे? डोंगरात उतरवावं लागलं. भिल्लांच्या पाड्यावर राहिलो. ते पायी घेऊन आले. टाचा सोललेल्याच आहेत, लंगडणं आपोआप येतं. दाढी वाढलेली आहे. यात कोणाचं नुकसान नाही. तिला तर समाधानच वाटेल, की मी खरोखर निघालो होतो.

मनात दोनदा सगळं म्हणून पाहिलं. पाड्याचं वर्णन चांगलं जमतं आहे.

गुरुवार, २५ फेब्रुवारी. इंदूर.

सकाळी पोचलो. टांगा विमानाच्या मैदानावरून आणला नाही. सरळ आलो.

दार दोधूने उघडलं. त्याने माझ्या दंडाला धरलं आणि सोडेचना. मेव्हणे पूजेवरून तसेच उठून आले. शेजारची माणसं जमली. कोणीतरी खुर्ची दिली. दोधू म्हणाला, वहिनी मैदानावर आहेत, रोज जातात, दिवस उगवला की जातात. कोणीतरी तिला आणायला धावलं.

ती आली. वाळली आहे. दारात चप्पल काढायची राहिली, तशीच आत आली. एवढ्या लोकांसमोर तिने माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, मग खांदे, मग हात. सोललेली टाच दिसली तशी पायाशी बसली.

"कुठे पडलं होतं?" तिने विचारलं. "फार लागलं का?"

सगळे ऐकायला पुढे सरकले. दोधूही. पाड्याचं वर्णन तोंडाशी आलं होतं. तिने माझी टाच हातात धरली होती.

मी म्हटलं, बुटाने लागलंय.

"बुटाने?"

विमान पडलं नाही, मी म्हटलं. आलंच नाही.

"मग इतके दिवस होतात कुठे?"

हॉटेलात.

"कुठल्या?"

आपल्याच. नंदुरबारच्या.

तिने टाच हळू जमिनीवर ठेवली. उठली. बारा तारखेबद्दल काही बोलली नाही, बोलेल असं वाटलं होतं. लोकांमधून वाट काढत आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

मग आतून रडण्याचा आवाज आला. मेव्हणे म्हणाले, इतक्या दिवसांत एकदाही रडली नव्हती. आम्ही सांगून थकलो की रड, बरं वाटेल. ती म्हणायची, ते येणार आहेत.

शेजारचे एकेक करून गेले. दोधू बाहेर जाऊन विडी ओढतो आहे. माझ्याकडे बघत नाही. परतीच्या गाडीची वेळ विचारून आला, त्याच्या एकट्याची.

दुपार. मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे. आतला आवाज आता थांबला आहे. भांड्यांचा आवाज येतो. पानं मांडलेली दिसतात. मेव्हणे बसले, मुलं बसली.

मला अजून बोलावलेलं नाही. बोलावतील.